आधी स्वतःच्या दंडात : वाल्डेमार हाफकिन यांचे जीवन



मुंबईला परळमध्ये हाफकिन इन्स्टिट्यूट नावाची जुनी संस्था आहे. सापाच्या विषावरील इंजेक्शन, पोलिओचे थेंब, लसी अशा संदर्भात हे नाव आपण ऐकलेले असते. परंतु हाफकिन हा कोण माणूस होता, असे मी एकदा वर्गात विचारले तेव्हा एका मुलाने तो इंग्रज गव्हर्नर असावा असे उत्तर दिले. त्या मुलाला हसण्याचा मला अधिकार नाही, कारण बी. एड्. होईपर्यंत माझीही समजूत साधारण तशीच होती. हाफकिन गव्हर्नर नव्हते, इंग्रज नव्हते आणि रूढ अर्थाने वैद्यकीय डॉक्टरही नव्हते. ते रशियन साम्राज्यातून परागंदा झालेले एक ज्यू प्राणिशास्त्रज्ञ होते आणि आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतील असंख्य माणसे त्यांच्यामुळे वाचली.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरी एका ज्यू व्यापारी कुटुंबात झाला. तेथील विद्यापीठात त्यांना इल्या मेचनिकॉव्ह यांच्यासारखे थोर गुरू लाभले. तो काळ ज्यू लोकांना फार कठीण होता. त्यांच्या वस्त्यांवर हल्ले होत, घरे लुटली जात. तरुण हाफकिन वस्तीचे रक्षण करणाऱ्या तुकडीत सामील झाले, जखमी झाले, पकडलेही गेले. मेचनिकॉव्ह यांनी रदबदली करून त्यांना सोडविले. पुढे विद्यापीठात अध्यापकाची जागा मिळण्यासाठी धर्म बदलावा लागेल असे दिसताच त्यांनी जागेवर पाणी सोडले. काही वर्षे ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात काम केले आणि १८८८ मध्ये देश सोडला. आधी जिनिव्हा, आणि १८८९ मध्ये पॅरिस.

पॅरिसला लुई पाश्चर यांची संस्था नुकतीच उभी राहिली होती. तेथे संशोधकाची जागा रिकामी नव्हती, ग्रंथालयात सहायकाची होती. हाफकिन यांनी ती घेतली. दिवसा पुस्तके लावायची आणि उरलेला वेळ प्रयोगशाळेत घालवायचा असा त्यांचा क्रम होता. जागा लहान म्हणून पदवीचा अपमान मानणाऱ्या आपल्याकडील काही तरुणांनी येथे क्षणभर थांबावे.

आता त्यांनी जे काम केले ते नीट समजून घेऊ. कारण नुसते लस शोधली असे म्हटल्याने काहीच कळत नाही.

आपल्या घरी आई दुधाला विरजण लावते. चांगले दही झाले की त्यातलेच थोडे उद्यासाठी ठेवते. आंबट झाले तर विरजण बदलते. म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंची ती निवड करते, त्यांना ऊब देते, पिढ्यान्‌पिढ्या जोपासते. पाश्चर यांनी दाखविले की रोगाच्या जंतूंनाही असेच वळण लावता येते. त्यांना प्रतिकूल स्थितीत वाढविले तर त्यांचा जोर ओसरतो, आणि असा दुबळा जंतू शरीरात सोडला तर शरीर खऱ्या शत्रूशी लढण्याची तयारी करून ठेवते. हाफकिन यांनी हे पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या जंतूवर केले. एका बाजूला त्यांनी तो जंतू उबदार हवेच्या झोतात वाढवून नरम केला. दुसऱ्या बाजूला तोच जंतू गिनीपिग नावाच्या लहान प्राण्याच्या पोटात, एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, असा तीस-चाळीस वेळा फिरवून अतिशय जहाल आणि ठरावीक जोराचा केला. प्रथम नरम टोचायचा आणि काही दिवसांनी जहाल, अशी ती पद्धत होती. आज जंतूंच्या गुणसूत्रांत फेरफार करून त्यांच्याकडून हवे ते काम करवून घेतात. हाफकिन यांच्याकडे गुणसूत्रांचे ज्ञान नव्हते, परंतु जंतूला आपल्या सोयीचा बनविणे ही गोष्ट तीच होती.

लस तयार झाली. माणसांत तिचा परिणाम काय होईल हे कोणालाच ठाऊक नव्हते. १८ जुलै १८९२ रोजी हाफकिन यांनी ती स्वतःला टोचून घेतली. ताप आला, टोचल्या जागी दुखले आणि मग ते बरे झाले. नंतर त्यांच्या काही मित्रांनीही ती घेतली.

पटकीचे माहेरघर हिंदुस्थान. पूर्वी येथे व्हाइसरॉय असलेले लॉर्ड डफरिन त्या वेळी पॅरिसमध्ये ब्रिटिश वकील होते. त्यांच्या मदतीने हाफकिन १८९३ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. स्वागत थंड झाले. सरकारी डॉक्टरांना हा बिनवैद्यकीय परदेशी मनुष्य नको होता, आणि लोकांना सुईची भीती होती. मार्च १८९४ मध्ये कलकत्त्याच्या काटल बागान वस्तीत पटकी शिरली तेव्हा ते काही बंगाली डॉक्टरांना बरोबर घेऊन तेथे गेले. दोनशेच्या आसपास लोकांपैकी ११६ जणांनी टोचून घेतले. पुढे त्या वस्तीत जे दहा रोगी झाले ते सर्व न टोचून घेतलेल्यांपैकी होते. त्यानंतर आसामचे चहामळे, लष्करी छावण्या, तुरुंग असे ते हिंडत राहिले. हिवतापाने शरीर पोखरले म्हणून मध्यंतरी त्यांना परत जावे लागले, तरी ते पुन्हा आले.

आणि आता गोष्ट आपल्या मुलखात येते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना गाठीच्या तापाचे रोगी आढळले. तो प्लेग होता. लोक गाड्या भरभरून शहर सोडू लागले आणि रोग त्यांच्यामागोमाग निघाला. उंदीर आणि त्यांच्या अंगावरील पिसवा हा रोग पसरवितात हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिले, तेव्हा कुठे धान्याच्या पोत्यांबरोबर प्लेग कसा प्रवास करतो याचा उलगडा होऊ लागला. दौंडकरांना आगगाडीचे महत्त्व सांगावयास नको. जी लोखंडी वाट धान्य आणि माणसे आणते तीच रोगही आणू शकते. गाव ओस पाडून माळावर झोपड्या बांधून राहिल्याच्या गोष्टी आपल्या घरांतील वृद्धांनी त्यांच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या असतात. घरी कोणी आजी-आजोबा असतील तर जरूर विचारून पाहा.

सरकारने काय केले? पुण्यात १८९७ मध्ये रँडसाहेबाच्या हाताखाली गोऱ्या सोजिरांनी घरोघर झडत्या घेतल्या. देवघर पाहिले नाही, जनाना पाहिला नाही. त्याचा शेवट २२ जूनच्या गोळ्यांत झाला, हे आपण इतिहासात शिकतो. मुंबईत मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यातील जुलाहा विणकरांच्या वस्तीत प्लेगची तपासणी करणारे लोक एका घरातील आजारी मुलीसाठी आले. बापाने नकार दिला, जमाव जमला, दंगल उसळली आणि गोळीबारात माणसे मेली. ही आपलीच गरीब, कष्टकरी माणसे. त्यांना अडाणी म्हणून सोडून देणे सोपे आहे. परंतु ज्याच्या घरात बंदुकीवाला न विचारता शिरतो, त्याने त्याच्या हातातील औषधावर विश्वास कशाने ठेवावा?

हाफकिन यांची वाट वेगळी होती. ते ७ ऑक्टोबर १८९६ रोजी मुंबईत आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना काम करण्यास थोडी जागा मिळाली, आणि मदतीला एक कारकून व तीन शिपाई. प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगला सापडला होता. हा जंतू फार घातक असल्याने या वेळी त्यांनी जिवंत जंतू न वापरता मेलेला वापरावयाचे ठरविले. त्यासाठी जंतूंचे भरपूर पीक हवे होते. त्यांनी काचेच्या मोठ्या चंबूंत मांसाचे पाणी, म्हणजे आपली यखनीच म्हणा ना, भरले आणि त्यावर तुपाचे थेंब सोडले. त्या तरंगत्या थेंबांना धरून जंतू खाली लोंबत वाढत, गुहेच्या छतावरून चुनखडीचे सुळके लोंबावेत तसे. चंबू हलविला की ते तळाशी पडत आणि वर नवे पीक येई. असे काही आठवडे चालल्यावर चंबू सुमारे ६५ ते ७० अंशांपर्यंत तापवून सर्व जंतू मारीत. ती झाली लस.

यातील एक बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो. युरोपात अशा कामाला गाईच्या मांसाचे पाणी वापरण्याची पद्धत होती. येथे हिंदू आणि मुसलमान दोघांच्याही भावना ध्यानात घेऊन बोकडाचे मांस वापरण्यात आले. जंतूंना दोन्ही सारखेच, फरक माणसांना पडतो. शास्त्रज्ञाला त्याची जाणीव होती.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचवून घेतली. नंतर लोकांना जेवढी देत तिच्या तिपटीहून अधिक मात्रा त्यांनी घेतली. भरपूर ताप आला, अंग ठणकले, पण ते काम करीत राहिले.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांना विचारण्यात आले आणि सुमारे निम्मे तयार झाले. पुढील दिवसांत न टोचलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला व त्यांतील सहा मरण पावले. टोचलेल्यांपैकी दोघांना झाला, मेला कोणीच नाही. कैद्याची संमती ही कितपत खरी संमती, अशी शंका तुमच्या मनात येईल. माझ्याही मनात आली. आजच्या नियमांत तो प्रयोग बसणार नाही. फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोद्याजवळील उंढेरा गावी याहून कठोर कसोटी झाली. तेथे प्रत्येक घरातील साधारण अर्धी माणसे टोचली, अर्धी ठेवली. ज्या २८ कुटुंबांत प्लेग शिरला त्यांतील टोचलेल्या ७१ माणसांपैकी आठ आजारी पडली व तीन दगावली. न टोचलेल्या ६४ पैकी २७ आजारी पडली व २६ दगावली. एकच घर, एकच चूल, एकच अंगण. या आकड्यांनी जगाची खात्री पटली हे खरे, पण ती २६ माणसे माझ्या मनातून जात नाहीत.

मुंबईत लस घेण्यास लोक पुढे येईनात. मृत्यूची भीती होती, अफवा होत्या, जुन्या देवी काढण्याच्या वेळच्या होत्या तशाच. त्या वेळी खोजा इस्माइली जमातीचे प्रमुख, तिसरे आगाखान सर सुलतान मुहम्मद शाह हे वीस वर्षांचेही पुरते नव्हते. त्यांनी केवळ आदेश काढला नाही. आपल्या लोकांसमोर त्यांनी स्वतः लस टोचून घेतली, आणि आपल्याला काही झाले नाही हे लोकांना पाहू दिले. मग हजारो खोजा स्त्री-पुरुषांनी टोचून घेतले. माझगावची आपली खुश्रू लॉज ही वास्तूही त्यांनी प्रयोगशाळेसाठी दिली. रशियातून आलेला ज्यू आणि मुंबईचा मुसलमान धर्मप्रमुख, दोघांनीही एकच गोष्ट केली, आपला दंड आधी पुढे केला.

२०२१ मध्ये कोरोनाची लस आली तेव्हा आम्हा काही शिक्षकांना घरोघर फिरून लोकांना सांगण्याचे काम होते. शिरूरमधल्या आमच्या मोहल्ल्यात एका वृद्ध बाईंनी माझे सर्व शास्त्रीय भाषण शांतपणे ऐकून घेतले आणि मी स्वतः घेतली आहे का, माझ्या आईने घेतली आहे का, एवढेच विचारले. मी घेतली होती. आईने घेतली नव्हती. मी आधी घरी गेलो.

ऑगस्ट १८९९ मध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. लाखो मात्रा तेथून देशभर आणि देशाबाहेर जाऊ लागल्या. सरकारने किताब दिला, राणीच्या राज्याचे नागरिकत्वही मिळाले. असे सर्व ठीक चालले असताना घाव बसला.

१९०२ साली पंजाब सरकारने फार मोठ्या प्रमाणावर लस टोचण्याचे ठरविले. मागणी पुरी करण्यासाठी हाफकिन यांनी बनविण्याची पद्धत अधिक जलद केली आणि लसीत कार्बोलिक आम्ल घालणे बंद केले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुलकोवाल नावाच्या गावी (ते आज पाकिस्तानी पंजाबात आहे) १०७ माणसांना टोचण्यात आले. त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले. त्या एकोणीस जणांची लस एकाच बाटलीतील होती. बाकीच्या बाटल्यांची माणसे सुखरूप राहिली.

चौकशी समितीने बाटली मुंबईच्या प्रयोगशाळेतच दूषित झाली असावी असे ठरविले. हाफकिन यांना बिनपगारी रजेवर घालविण्यात आले. ते इंग्लंडला गेले आणि कागदपत्रे घेऊन वर्षानुवर्षे झगडत राहिले. खरे पाहता उत्तर त्या कागदांतच होते. बाटली उघडताना सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि नीट निर्जंतुक न करता त्यानेच बूच काढण्यात आले होते. शिवाय धनुर्वाताचे जंतू बाटलीत पुष्कळ दिवस वाढत असते तर लसीला दुर्गंधी आली असती. ज्याने बाटली उघडली त्याला तशी दुर्गंधी आली नव्हती. रोग दिसण्यास लागलेले दिवसही जंतू ऐनवेळी शिरल्याकडे बोट दाखवीत होते. एवढे साधे तर्कशास्त्र समितीला दिसू नये? हाफकिन डॉक्टर नव्हते, इंग्रज नव्हते आणि ज्यू होते. याचा संबंध नव्हता असे मानणे मला जड जाते. फ्रान्समध्ये द्रेफ्यूस या ज्यू लष्करी अधिकाऱ्यावर खोटा आळ आला होता, त्याची आठवण तेव्हाही पुष्कळांना झाली.

शेवटी मलेरिया डासांमुळे पसरतो हे दाखवून देणारे रोनाल्ड रॉस त्यांच्या बाजूने उभे राहिले. जुलै १९०७ मध्ये दहा नामांकित शास्त्रज्ञांच्या सहीचे पत्र लंडनच्या टाइम्समध्ये छापून आले. त्याच वर्षी हाफकिन दोषमुक्त झाले. पण पाच वर्षे गेली होती. मुंबईची जागा भरलेली होती, म्हणून त्यांना कलकत्त्यास पाठविले, आणि तेथे लस बनविण्याची सोय नव्हती. ज्याने लस शोधली त्याच्या हातातून लसच काढून घेतली. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी ते निवृत्त होऊन युरोपात परतले आणि पुन्हा येथे आले नाहीत.

त्यांची लस मात्र चालूच होती. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईतून प्लेगच्या लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या. ती संपूर्ण संरक्षण देत नसे, ताप फार आणी, आणि पुढे प्रतिजैविके आल्यावर तिचे महत्त्व कमी झाले. पण तिच्या निमित्ताने आपल्या देशात जंतूंना जोपासून औषध बनविण्याची विद्या रुजली. परळच्या संस्थेला १९२५ मध्ये हाफकिन यांचे नाव देण्यात आले, आणि १९३२ मध्ये साहिब सिंग सोखे हे तिचे पहिले भारतीय संचालक झाले. आज मधुमेहाच्या रोग्याला लागणारे इन्सुलिन माणसाचा जनुक बसविलेल्या जंतूंकडून बनवून घेतात. काविळीची लस यीस्टकडून, म्हणजे पावाच्या खमिराच्या जातभाईकडून मिळते. दौंडहून पुण्यास जाताना गाडी मांजरी, हडपसरवरून जाते. त्याच परिसरात १९६६ साली स्थापन झालेली सीरम इन्स्टिट्यूट आहे. कोरोनाची कोव्हिशील्ड लस तेथे बनली. तीत निरुपद्रवी केलेला एक विषाणू निरोप्यासारखा वापरला होता. दहावीनंतर विज्ञानाला जाऊ इच्छिणाऱ्या मुला-मुलींनी, आणि विशेषतः मुलींच्या पालकांनी, सूक्ष्मजीवशास्त्र हा विषय अवश्य विचारात घ्यावा. यात ताकदीचे काम नाही, चिकाटीचे आणि स्वच्छ हातांचे आहे. चिमटा खाली पडला तर तो पुन्हा ज्वाळेवर धरण्याचे आहे.

हाफकिन अखेरची वर्षे स्वित्झर्लंडमध्ये लोझानला राहिले. त्यांनी लग्न केले नव्हते. उतारवयात ते धर्माचरणाकडे अधिक वळले, नमाजाला जसे आपण वेळ राखतो तशी त्यांनी आपल्या धर्माची बंधने काटेकोर पाळली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी ते वारले. मृत्यूच्या आदल्या वर्षी त्यांनी आपल्या सर्व मिळकतीचा एक निधी केला होता. पूर्व युरोपातील ज्यूंच्या धार्मिक पाठशाळांतील गरीब मुलांना धर्माबरोबर विज्ञान आणि एखादा हातचा हुन्नरही शिकता यावा, यासाठी तो पैसा होता.